गुलाबी उडतो, जांभळ्याची भीती वाटते

प्रश्न : फुलांची जलरंगातली चित्रं काढणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरच काम करतात आणि चार वर्षांची मुलगी शेजारी बसून आपले रंग खेळत असते. त्यांच्या चित्रकलेच्या बाई वारल्या, तेव्हा बाईंच्या घरच्यांनी त्यांचा रंगांचा पेटारा या मैत्रिणीकडे सोपवला. त्यात चांगल्या ट्यूब आहेत, काही लेबल पुसल्या गेलेल्या जुन्या ट्यूब आहेत आणि कोरड्या रंगांच्या पुडीच्या बाटल्याही आहेत. त्यातला कोबाल्ट व्हायोलेट विषारी असतो, असं थोरल्या जाऊबाईंच्या वाचनात आलं. ‘मुलगी मोठी होईपर्यंत हे सगळं घराबाहेर काढ आणि लहान मुलांच्या रंगांनी चित्रं काढ,’ असा त्यांचा आग्रह आहे. त्यातच एका ग्राहकाची तक्रार आली. दोन वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या बोगनवेलीच्या चित्रातला झगझगीत गुलाबी आता पार फिका पडला आहे. ‘ऑपेरा’ नावाचा तो रंग त्यांचा अतिशय लाडका. त्या विचारतात : ‘सुरक्षित रंग टिकत नाहीत आणि टिकणारे रंग विषारी, असंच असतं का? मग नैसर्गिक रंगांकडे वळू का? बाईंचा पेटारा टाकवत नाही आणि घरात ठेवायची भीती वाटते.’

उत्तर :

आधी तातडीचं. पेटाऱ्यातल्या पुडीच्या बाटल्या उघडू नका. झाकणं घट्ट आहेत ना, एवढंच पाहा. प्रत्येक बाटली जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करा आणि मुलीचा हात पोहोचणार नाही अशा कपाटात कुलपाआड ठेवा. लेबल नसलेल्या ट्यूबही तिथेच जाऊ द्या. एवढं झालं की बाकीच्या गोष्टींचा विचार सावकाश केला तरी चालेल.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते : सुरक्षित रंग टिकत नाहीत आणि टिकणारे विषारी. तुमची सगळी घालमेल या एका वाक्यातून आली आहे आणि ते वाक्य खरं नाही. रंग उजेडात टिकतो की विटतो हा एक प्रश्न आहे. तो शरीराला बाधतो की नाही हा निराळाच. एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. कार्माइन घ्या. कॉचिनील नावाच्या किड्यांपासून तो मिळतो, खाण्याच्या पदार्थांत आणि लिपस्टिकमध्ये वापरला जातो, पण जलरंगाचा पातळ थर देऊन उजेडात ठेवलात तर लवकर फिका पडतो. उलट कोबाल्ट व्हायोलेट वर्षानुवर्षं उजेडात राहिला तरी हलत नाही, मात्र तो पोटात किंवा श्वासात जाता कामा नये. ऑपेरासारखे रंग नेहमीच्या वापरात शरीराला फारसा धोका करत नाहीत, पण चित्राला दगा देतात. आणि क्विनाक्रिडोन या कृत्रिम रंगद्रव्यांच्या कुळातले गुलाबी दोन्ही कसोट्यांना उतरतात. तुम्हाला हवा तो रंग याच शेवटच्या कुळात आहे, पण त्याकडे थोड्या वेळाने वळू.

नैसर्गिक रंगांचं म्हणाल, तर हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची खनिजं आहेत, हिंगूळ पाऱ्याचं. तिन्ही अगदी नैसर्गिक, तिन्ही शतकानुशतकं चित्रकारांच्या वापरात होते आणि तिन्ही मुलांच्या आसपास नकोत. वनस्पतींपासून केलेले गुलाबी आणि जांभळे रंग बहुतेक करून उजेडापुढे फार काळ तग धरत नाहीत. त्यातल्या त्यात मॅडर या वनस्पतीच्या मुळांचा लाल-गुलाबी बरा, पण विकायच्या चित्राचा भार त्याच्यावर टाकू नये. ‘नैसर्गिक’ या शब्दावरून रंग कुठून आला ते कळतं. तो टिकेल का, बाधेल का, यातलं काहीच कळत नाही.

जाऊबाईंवर मात्र रागावू नका. घरात चार वर्षांचं मूल असताना त्यांनी काळजी केली यात काहीच गैर नाही. फक्त ‘हा रंग विषारी आहे का’ असा प्रश्न विचारला की उत्तर अर्धवटच मिळतं. तो कुठल्या रूपात आहे आणि शरीरात कुठल्या वाटेने जाऊ शकतो, हे विचारायला हवं. औषधं आणि फरशी पुसायचं द्रावण आपण घरातून हद्दपार करत नाही, कुलपात ठेवतो आणि वापरताना भान ठेवतो. रंगांचंही तसंच आहे. ट्यूबमधल्या ओल्या रंगात रंगद्रव्याचे कण डिंकात बांधलेले असतात. ते उडून नाकात जात नाहीत आणि अखंड त्वचेतून सहसा आत शिरत नाहीत. तेच रंगद्रव्य कोरड्या पुडीच्या, पेस्टलच्या धुळीच्या किंवा एअरब्रशच्या फवाऱ्याच्या रूपात आलं, की सरळ फुप्फुसात जातं. आणि ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करायची सवय असेल, तर पोटात. ही सवय जुन्या जाणत्या चित्रकारांनाही असते. तुम्हाला असेल तर आजपासून सोडा. मुलगी तुमचं पाहून शिकते आहे, हे त्याचं सगळ्यात मोठं कारण.

आता एकेक जांभळा पाहू, कारण ‘व्हायोलेट’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

कोबाल्ट व्हायोलेट १९व्या शतकाच्या मध्यावर वापरात आला. आज मिळतो तो बहुधा कोबाल्टचा फॉस्फेट असतो. जुन्या काळी त्याची फिकट, गुलाबीकडे झुकणारी छटा कोबाल्टच्या आर्सेनेटपासून, म्हणजे आर्सेनिक घालून करत असत. जाऊबाईंनी वाचलं ते बहुधा याच जुन्या प्रकाराबद्दल असावं. नुसतं पाहून या दोहोंतला फरक ओळखता येत नाही. म्हणून बाईंच्या पेटाऱ्यातली लेबल नसलेली फिकट जांभळी ट्यूब किंवा पूड आर्सेनिकची आहे असं समजूनच वागायचं. नव्या, लेबल असलेल्या ट्यूबची गोष्ट वेगळी. तीत धोका आहे तो कोबाल्टचा. काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते, आणि निकेलच्या दागिन्यांनी ज्यांना पुरळ उठतं त्यांनी जास्त जपावं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये धातुरूप कोबाल्ट आणि पाण्यात विरघळणारे कोबाल्टचे क्षार ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. चित्रकाराचा कोबाल्ट व्हायोलेट पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे तो शिक्का जसाच्या तसा त्याला लावता येत नाही. पण त्याची धूळ आणि फवारा टाळायला एवढं कारण पुरेसं आहे.

हा रंग कागदावर कसा वागतो, तेही सांगायला हवं, कारण त्याची ओढ का वाटते ते त्यातूनच कळतं. त्याची ताकद अगदी कमी. ट्यूबमधून भरपूर काढला तरी वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर, मवाळच येतो. खरखरीत कागदावर पाणी सुकत जातं तसे त्याचे कण खळग्यांत बसतात आणि उंचवटे उघडे राहतात, त्यामुळे जांभळ्याच्या आतून कागदाचा पांढरा डोकावत राहतो. सायंकाळची सावली किंवा आयरिसची पाकळी त्याने रंगवली, की ती सपाट दिसत नाही. तुम्हाला हाच दाणेदार पोत हवा असेल आणि कोबाल्ट नको असेल, तर दोन पर्याय आहेत. अल्ट्रामरीन व्हायोलेट हा त्यातला सर्वांत निर्धोक. तो आम्लाने बिघडतो, म्हणून कागद आम्लमुक्त घ्यायचा, एवढीच त्याची अट. दुसरा मँगनीज व्हायोलेट. हा १८६८ साली न्यूरेंबर्गमध्ये तयार झाला, उजेडात टिकतो, आणि डोळ्यांभोवतीच्या सौंदर्यप्रसाधनांतही त्याला परवानगी आहे. चुन्याच्या भिंतीवर मात्र तो चालत नाही, अल्कलीने त्याचा रंग जातो. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर मज्जासंस्थेला इजा होते. खाणीत आणि वेल्डिंगच्या कामात हे दिसून आलं आहे. तेव्हा डोळ्यांवर लावलेला चालतो म्हणून त्याची पूड घरात उडवायची असं नाही. ट्यूब घ्या, पूड घेऊ नका.

डायॉक्साझीन व्हायोलेट, लेबलवर पीव्ही २३ (पीव्ही हा जांभळ्या रंगद्रव्यांचा कोड, पीआर हा लाल रंगद्रव्यांचा), हा गडद आणि ताकदवान. थेंबभर रंगाने पॅलेट भरतं. तेलात आणि ॲक्रिलिकमध्ये तो बरा टिकतो, पण जलरंगाच्या फिकट वॉशमध्ये त्याच्याविषयीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि काही चाचण्यांत तो स्पष्टपणे फिका पडला आहे. फुलांच्या चित्रांत फिकट वॉशच जास्त असतात, तेव्हा तुम्ही तो वापरू नये असं माझं मत आहे. जांभळा हवा असेल तर क्विनाक्रिडोन गुलाबीत अल्ट्रामरीन निळा मिसळा. फुलाला शोभेल असा स्वच्छ जांभळा येतो आणि दोन्ही रंग टिकाऊ आहेत.

आता तुमच्या बोगनवेलीचं. ऑपेरा या नावाने मिळणाऱ्या बहुतेक जलरंगांत दोन गोष्टी असतात : क्विनाक्रिडोन मजेंटा, पीआर १२२, आणि त्यात मिसळलेला चमकणारा फ्लुओरेसंट डाय, म्हणजे विरघळणारा रंग, बहुधा रोडामीन कुळातला. अतिनील किरण आणि दृश्य प्रकाशाचा निळा-हिरवा भाग शोषून तो डाय गुलाबी-लाल प्रकाश परत देतो, म्हणून रंग कागदातून उजळून निघाल्यासारखा दिसतो. ज्या प्रकाशाने तो चमकतो, त्याच प्रकाशाने त्याचे रेणू मोडतात. खिडकीसमोरच्या भिंतीवर काही महिन्यांत त्याचं तेज जातं आणि मागे क्विनाक्रिडोनचा थोडा थंड, शांत गुलाबी उरतो. ग्राहकाला ‘पार फिका’ वाटलं, ते त्याच्या डोळ्यांत मूळ झगमग होती म्हणून. चित्र जवळून पाहिलंत, तर त्यात गुलाबी अजून आहे असं दिसेल. छापून किंवा फोटो काढून प्रसिद्ध करायच्या चित्रांसाठी ऑपेरा चालतो, कारण तिथे मूळ कागद भिंतीवर जात नाही. विकायच्या चित्रात तो वापरू नका. हे मी जरा ठामपणे सांगते आहे, कारण या बाबतीत मधला मार्ग मला दिसत नाही.

या फसगतीत तुम्ही एकट्या नाही. चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ साली आपल्या खोलीचं चित्र काढलं, तेव्हा भिंती फिकट जांभळ्या असल्याचं पत्रात लिहिलं. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल उडून गेला. १८९० साली त्याने आयरिसची आणि गुलाबांची चित्रं काढली, त्यात गुलाबी होता तो आता जवळजवळ पांढरा झाला आहे. तो इओसीन डायपासून केलेला ‘जेरेनियम लेक’ नावाचा लाल रंग वापरायचा. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी रूढ केलेले हे रंग टिकाऊ नाहीत, याची त्याला कल्पना होती. म्हणून ते अधिकच धीटपणे आणि भडक वापरावेत, काळ त्यांना मवाळ करेलच, असं त्याने भावाला लिहिलं होतं. त्याच्यापुढे दुसरा चांगला पर्याय नव्हता. तुमच्यापुढे आहे.

तो पर्याय म्हणजे क्विनाक्रिडोन. १९५८च्या सुमारास हे रंग बाजारात आले आणि मोटारींच्या रंगांत वापरले गेले, जिथे ऊनपाऊस दोन्ही सोसावं लागतं. या रंगाची गंमत त्याच्या स्फटिकात आहे. याचा सुटा रेणू द्रावणात असताना पिवळट-नारिंगी दिसतो, गुलाबी मुळीच नाही. हे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून स्फटिक करतात, तेव्हा गुलाबी किंवा जांभळा रंग प्रकट होतो. पीव्ही १९ हा एकच रेणू. एका रचनेत बसला की जांभळट लाल, दुसऱ्या रचनेत बसला की स्वच्छ गुलाबी. रेणूंची ही घट्ट पकड उजेडाशी टक्कर घेते आणि त्याच पकडीमुळे तो पाण्यात किंवा पोटातल्या रसांत जवळजवळ विरघळत नाही, म्हणून शरीराला होणारा त्रासही कमी. तुमच्या वाक्यात टिकणं आणि सुरक्षित असणं एकमेकांच्या विरोधात होतं. इथे दोन्ही एकाच कारणातून येतात.

तेव्हा घ्यायचे ते दोन : पीव्ही १९ची गुलाबी छटा, जी बहुधा ‘परमनंट रोज’ किंवा ‘क्विनाक्रिडोन रोज’ या नावाने मिळते, आणि पीआर १२२, म्हणजे मजेंटा. ऑपेराची झगमग यांत नाही, हे मान्य. पण बोगनवेलीचं तेज फक्त ट्यूबमधून येत नाही. गुलाबीच्या शेजारचा हिरवा थोडा राखाडी करा. प्रत्येक कोवळ्या पाकळीच्या कडेला कागदाचा पांढरा राखा. एकदाच दाट रंग लावण्याऐवजी पातळ थर द्या, एक पूर्ण सुकल्यावर दुसरा. सूर्याकडे वळलेल्या पाकळीत गुलाबीआधी अगदी पुसट पिवळा देऊन पाहा. एका मऊ, दबक्या हिरव्याच्या कुशीत पीआर १२२ किती पेटतो, हे एकदा करून बघितलंत की ऑपेराची आठवण येणार नाही.

नावांवर मात्र विसंबू नका. ‘रोज’, ‘मोव्ह’, ‘मजेंटा’ ही नावं कारखानदार आपापल्या मर्जीने देतात. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर त्या छटेची नक्कल समजावी. ‘कोबाल्ट व्हायोलेट ह्यू’ मध्ये सहसा खरा कोबाल्ट व्हायोलेट नसतो. भरवसा ठेवायचा तो ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेल्या कोडवर : पी आणि व्ही, किंवा पी आणि आर ही इंग्रजी अक्षरं, पुढे आकडा. पीव्ही १९, पीआर १२२, पीव्ही १५ आणि पीव्ही १६ निश्चिंतपणे घ्या. शेवटचे दोन म्हणजे अल्ट्रामरीन आणि मँगनीज व्हायोलेट. पीव्ही १४ म्हणजे कोबाल्ट व्हायोलेट, तो धोका लक्षात ठेवूनच विकत घ्या. पीआर ८३ म्हणजे खरा अलिझरीन क्रिमझन. तो सुंदर आहे, पण उजेडात विटतो. रोडामीनचे पीव्ही १ आणि पीआर १७३, आणि इओसीनचा पीआर ९० हे चित्रासाठी नकोत. ज्या ट्यूबवर कोडच नाही, ती सोडून द्या.

एक लेबल लोक नेहमी चुकीचं वाचतात. ‘एएसटीएम डी ४२३६ ला अनुरूप’ (एएसटीएम ही मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) असं लिहिलेलं असलं की वस्तू निर्धोक, असा समज असतो. त्याचा अर्थ एवढाच की विषशास्त्राच्या जाणकाराने घटक तपासले आहेत आणि दीर्घकाळाच्या धोक्याचा इशारा लागत असेल तर तो छापलेला आहे. निर्धोक समजायचा तो ‘एपी’चा शिक्का. ‘सीएल’, म्हणजे सावधगिरीचा, शिक्का असेल तर खालचा इशारा वाचायचा. ‘फवारू नका’ असं बरेचदा त्यातच सापडतं. आणि एपी असला तरी तो रंग किती टिकेल याबद्दल त्यातून काही कळत नाही. त्यासाठी लाइटफास्टनेसची, म्हणजे उजेडात टिकण्याची, खूण वेगळी शोधावी लागते : एएसटीएमच्या मोजणीत १ किंवा २ हवा (तिथे लहान आकडा चांगला), ब्लू वूल या दुसऱ्या मोजणीत ७ किंवा ८ (तिथे मोठा चांगला). लहान मुलांच्या रंगांनी विकायची चित्रं का काढू नयेत, तेही इथेच येतं. ते रंग मुलासाठी चांगलेच आहेत, पण त्यांच्यावर कोड नसतो आणि टिकाऊपणासाठी ते बनवलेलेच नसतात.

खात्री स्वतःच करून घ्यायची असेल तर सोपी चाचणी आहे. तुमच्या नेहमीच्या कागदावर प्रत्येक गुलाबीचा आणि जांभळ्याचा एक पट्टा ओढा, एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला पाण्यासारखा फिकट. पट्टा मधोमध लांबीत कापा. एक अर्धा वहीत घालून खणात ठेवा. दुसऱ्याच्या निम्म्या रुंदीवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा आणि तो ऊन येणाऱ्या खिडकीला आतून लावा. दर महिन्याला दोन्ही शेजारी धरून पाहा. ऑपेराचा फरक पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो आणि फिकट टोक नेहमी आधी जातं. पीव्ही १९ आणि पीआर १२२ वर्षभरात हलले नाहीत, तर समाधानाने वापरा. अतिनील किरण गाळणारी काच लावली तर विटणं हळू होतं, थांबत नाही, कारण दृश्य प्रकाशही रंग मोडतो.

आता मुलीच्या शेजारी बसून काम करण्याबद्दल. बंद करायची गरज नाही. तिचे रंग, तिचा ब्रश, तिचं पाणी आणि तिची पॅलेट पूर्ण वेगळी असू द्या आणि रंगाच्या पाण्याचं भांडं कधीही स्वयंपाकघरातलं नको, कारण चुकून कुणीतरी ते तोंडाला लावतं. टेबलावर प्लॅस्टिकचं पांघरूण घाला, काम झालं की ते ओल्या फडक्याने पुसा. सुकलेला रंग कोरडा झाडू नका, खरवडू नका, ओला करून मगच काढा. काम झाल्यावर दोघींनी हात धुवायचे. कोबाल्टच्या ट्यूबचं काम ती झोपलेली असताना करा, हातात नायट्राइलचे हातमोजे घालून. धुण्याचं रंगीत पाणी थोडा वेळ तसंच ठेवा, गाळ तळाला बसला की वरचं पाणी काढून गाळ कागदाने टिपा आणि घातक कचऱ्यात द्या, सिंकमध्ये ओतू नका.

काही वाचकांना तेलात काम करायला आवडतं. त्यांना थोडक्यात सांगते : तुमच्या फुप्फुसाला जांभळ्यापेक्षा टर्पेंटाइन आणि थिनरची वाफ जास्त त्रास देते, खिडक्या उघड्या ठेवा. आणि अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून ढिगात टाकू नका. ती आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. ज्या आई होणार आहेत त्यांनी पूड आणि द्रावकं दूरच ठेवावीत आणि आपल्या डॉक्टरांना कामाची कल्पना द्यावी.

पेटाऱ्याचं काय करायचं? टाकण्याची इच्छा नाही आणि ठेवायची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंत. पण पेटारा एकच वस्तू आहे, असं धरायची गरज नाही. बाईंचे ब्रश, पॅलेट, पाण्याची भांडी, लेबल शाबूत असलेल्या ट्यूब, सगळं स्वच्छ पुसून तुमच्याकडे राहू द्या. एक सांगते, तुमची नजर जांभळ्यावर आहे, पण जुन्या पेटाऱ्यात मला खरी काळजी पांढऱ्या पुडीची आणि हिरव्याची वाटते. जुना पांढरा शिशाचा असू शकतो आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला अगदी थोड्या प्रमाणातही बाधतं. जुना एमरल्ड ग्रीन आर्सेनिकचा असतो, जुना क्रोम पिवळा शिशाचा. म्हणून सगळ्या पुडी आणि लेबल नसलेल्या सगळ्या ट्यूब, त्या कुठल्याही रंगाच्या असोत, बंद पिशव्यांत घालून तुमच्याकडे घातक घरगुती कचरा गोळा करणारी जी व्यवस्था असेल तिथे द्या. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेला किंवा रंगांवर संशोधन करणाऱ्या संस्थेला जुन्या पुडी हव्या असतात, विचारून पाहा. पुडीपासून स्वतः रंग घोटायचा विचार कधी डोक्यात आला असेल, तर आत्ता नको. त्यासाठी वेगळी खोली आणि चेहऱ्याला नीट बसणारा धुळीचा मास्क लागतो, जेवणाचं टेबल नव्हे.

बाईंनी तो पेटारा जपला, कारण त्यांना रंग प्रिय होते. त्यातल्या पुडी गेल्या म्हणून बाई तुमच्यापासून दूर जाणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं. जाऊबाईंना ही विभागणी समोर बसून दाखवा, कुलपाचं कपाट दाखवा. त्यांना हेच हवं आहे.

आणि ग्राहक. विटलेल्या चित्रावर वरून रंग चढवू नका, जलरंगात डाग पडतात आणि नवा गुलाबी जुन्याशी जुळत नाही. त्यांना सरळ कळवा की त्या रंगातला चमकणारा डाय उजेडात मोडतो आणि तुम्हाला ते आता समजलं. त्याच बोगनवेलीचं चित्र पीआर १२२ने पुन्हा काढून द्यायची तयारी दाखवा. यापुढे प्रत्येक चित्राच्या मागे वापरलेल्या रंगांचे कोड पेन्सिलीने लिहा आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी द्या : ‘थेट उन्हात टांगू नये. काचेच्या आत ठेवावं.’ किमतीविषयी त्यांचं काही म्हणणं असेल तर तेही ऐकून घ्या. नव्या चित्राच्या पट्ट्यांची चाचणी पूर्ण व्हायच्या आतच त्यांना तारीख मात्र देऊ नका.